हौसेला मोल नाही, प्रोसेसरला आहे

मामा पंचेचाळिशीचा, बँकेत अधिकारी. रात्रीची जेवणं आटोपली की संगणकावर विमान उडवतो. भाचा सव्विशीचा, पुण्यात लोकांना संगणक जोडून देण्याचा त्याचा व्यवसाय. मामाने नवा प्रोसेसर घ्यावा का, या वादात पारडी उलटी आहेत: ज्याचा विक्रीत फायदा तो म्हणतो घेऊ नको, आणि ज्याच्या खिशाला चाट तो म्हणतो घेणारच. मामाच्या मशीनमध्ये एएमडीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर १४४०पी, १४४ हर्ट्झचा. त्याच्या मनात भरलाय तो रायझन ७ ५७००एक्सथ्रीडी.

मामा: आधी माझं पूर्ण ऐक, मग सुरू हो. माझा ३६०० जुलै २०१९ चा. आमच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत एवढ्या वयाचं मशीन कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं. १९९२ मध्ये ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ म्हणजे थाट होता, आणि मार्च २००० मध्ये एएमडीच्या ॲथलॉनने एक गिगाहर्ट्झ गाठला. आठ वर्षांत पंधरा पट!

भाचा: ती शर्यत नंतर चारेक वर्षांतच थांबली. २००४ मध्ये इंटेलची पेंटियम मालिका ३.८ गिगाहर्ट्झवर पोचली, उष्णता आवरेना, आणि ४ गिगाहर्ट्झच्या चिपचा बेतच त्यांनी सोडून दिला. आणि गंमत बघ, तुझा ३६०० जास्तीत जास्त ४.२ पर्यंत चढतो. तू ज्याच्या मागे लागलायस तो ४.१ पर्यंत. म्हणजे कागदावर तू पैसे देऊन मागे चाललायस.

मामा: कागद वाचायचा तर पुढची ओळही वाच. ३६०० मध्ये कोर सहा, पण तीन-तीनच्या दोन गटांत, आणि प्रत्येक गटाकडे स्वतःची १६ एमबी कॅश मेमरी. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर बाहेरून वळसा घालावा लागतो. २०२० च्या झेन ३ रचनेत आठही कोर एकाच ३२ एमबी कॅशवर आले. तेवढ्याच गिगाहर्ट्झला सरासरी १९ टक्के जास्त काम, असा एएमडीचा दावा होता. आणि एक्सथ्रीडीमध्ये त्या ३२ वर आणखी ६४ एमबीचा थर चढवलाय, चिपच्या डोक्यावर चिप. एकूण ९६!

भाचा: थर चढवलाय, मान्य. त्याने माझ्या गिऱ्हाइकांच्या एक्सेलला काही फरक पडत नाही, व्हिडिओ एडिटिंगलाही फारसा नाही.

मामा: पण खेळाला पडतो. तिखटमीठ हाताशी असणं आणि दर चिमटीसाठी वाण्याकडे पळणं, एवढा फरक. मुंबईवरून विमान नेताना इमारती, वाहतूक, ढग, विमानातली शेकडो यंत्रं, या सगळ्यांची बारीकसारीक माहिती दर फ्रेमला पुन्हा पुन्हा लागते. ती जवळ मिळाली तर ठीक. रॅमपर्यंत हेलपाटा घालायचा तर प्रोसेसर तेवढा वेळ हात बांधून बसतो.

भाचा: चिप चांगली आहे, यावर माझं भांडणच नाही. तिचा चांगुलपणा तुझ्या मशीनमध्ये किती दिसेल, यावर आहे. फ्रेम तयार होताना प्रोसेसर ठरवतो कोण कुठे आहे, कोण कुणाला धडकलं, काय काय काढायचं. ती यादी तो कार्डाला देतो आणि कार्ड चित्र काढतं. कार्ड एक फ्रेम काढत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. म्हणून वेग ठरतो दोघांतल्या मंद गड्यावर. समज, प्रोसेसरला ११ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १६. सेकंदाला साठेक फ्रेम मिळाल्या. आता तू ११ चे ७ केलेस. किती मिळतील?

मामा: साठच. कार्डाचे १६ तसेच राहिले.

भाचा: झालं तर मग!

मामा: झालं काय? उलटं असेल तर? प्रोसेसरला १६ आणि कार्डाला ११?

भाचा: तर तू म्हणतोस ते खरं. म्हणून तर म्हणतो, तुझ्याकडे कोण कुणासाठी खोळंबतंय ते आधी बघ. तू बघितलेस ते यूट्यूबवरचे तक्ते. ते लोक प्रोसेसर तपासताना बाजारातलं सगळ्यात तगडं कार्ड लावतात आणि चित्र १०८०पी वर आणतात. तुझ्याकडे ना ते कार्ड, ना ते रिझोल्यूशन.

मामा: आणि ते बरोबरच करतात. प्रोसेसर तपासायचा तर कार्ड आडवं येता कामा नये. नाहीतर सगळ्या चिपा सारख्याच दिसतील आणि चाचणीला अर्थच उरणार नाही. तो तक्ता सांगतो की कार्ड मोकळं असेल तेव्हा ही चिप कुठवर जाते. उद्या मी कार्ड बदललं की तेच आकडे माझ्या कामाला येतील.

भाचा: येतील, उद्या. पैसे मात्र आज जाणार. तक्त्यातला आकडा म्हणजे कमाल मर्यादा; तुझ्या टेबलावर तो दिसेलच, असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

मामा: बरं, तुझ्याच नियमात एक भोक दाखवतो. तुम्ही सगळे म्हणता, रिझोल्यूशन वाढलं की भार कार्डावर येतो, प्रोसेसर गौण ठरतो. माझा मॉनिटर १४४०पी. पण खेळात मी डीएलएसएस लावतो, म्हणजे लहान चित्र काढून मोठं करणारं अपस्केलिंग, क्वालिटीवर. तेव्हा कार्ड आतून किती ओळींचं चित्र काढतं?

भाचा: ...९६०.

मामा: म्हणजे १०८० पेक्षाही कमी! कार्डाचं ओझं उतरलं, फ्रेम वाढल्या. आणि प्रत्येक वाढीव फ्रेमची यादी कुणी करायची? या माझ्या जुन्या प्रोसेसरने. त्यात रे ट्रेसिंग चालू केलं तर त्याच्यावर आणखी काम. अपस्केलिंग आल्यापासून 'मॉनिटर मोठा, प्रोसेसर कसाही चालेल' हा सल्ला जुना झालाय.

भाचा: हा मुद्दा तुझा. पण दुसऱ्या बाजूने बघ. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये आले. दोन्हींत झेन २, म्हणजे तुझ्या ३६०० च्याच घराण्यातले कोर. प्लेस्टेशनचे तर ३.५ गिगाहर्ट्झपर्यंतच, आणि कॅश तुझ्यापेक्षा कितीतरी कमी. आजचे मोठे खेळ त्या यंत्रांवर चालतील असेच बांधलेले असतात. पुढची पिढी येईपर्यंत ३६०० एकाएकी निकामी होणार नाही.

मामा: तिथे कोर आठ, माझ्याकडे सहा. प्लेस्टेशनमध्ये दाबून ठेवलेला डेटा उलगडायला वेगळं हार्डवेअर आहे. माझ्याकडे ते काम बहुधा प्रोसेसरच्याच गळ्यात पडतं. आणि ती यंत्रं ३० किंवा ६० फ्रेमवर समाधान मानतात. माझा मॉनिटर १४४ चा आहे, दर फ्रेमला सातही मिलिसेकंद मिळत नाहीत.

भाचा: मॉनिटर १४४ दाखवू शकतो, म्हणून ते भरलेच पाहिजेत असा काही दंडक नाही. काउंटर-स्ट्राइक खेळत असतास तर मी गप्प बसलो असतो. तू खेळतोस विमान. पन्नास फ्रेमवर ते सुरेख उडतं.

मामा: पन्नास स्थिर मिळाल्या तर! दुखणं सरासरीचं नाहीच. विमानतळ जवळ आला, चाकं टेकायची वेळ झाली, की चित्र अडखळतं. नेमकं तिथे. सरासरी पन्नास दाखवेल, पण सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम बघ. मोठ्या कॅशचा खरा फायदा तिथे होतो. तू मला सरासरीत मोजतोस आणि मी धावपट्टीवर आपटतो.

भाचा: हे मात्र तू आधीच सांगायला हवं होतंस. गिऱ्हाईक 'मशीन स्लो आहे' म्हणतं तेव्हा मी घाबरतो. 'अमुक ठिकाणी अडखळतं' म्हणालं की काम सोपं होतं. पण अडखळण्याची कारणं बरीच असतात. एएमडीनेच मार्च २०२२ मध्ये मान्य केलं होतं की काही रायझन मशीन फर्मवेअरमधल्या टीपीएम या सुरक्षा-व्यवस्थेमुळे मधूनच गचके खातात. नव्या बायोसने तो त्रास गेला. काही खेळ नव्या दृश्यात शिरताना शेडर तयार करत बसतात. तो गचका नव्या चिपने लहान होतो, जात नाही. चल, मशीन लाव. बोलण्यापेक्षा बघू.

*(मशीन चालू होतं. भाचा आफ्टरबर्नर हा प्रोग्राम लावून पडद्याच्या कोपऱ्यात आकडे आणतो.)*

मामा: टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम अर्धाच वापरला जातोय, हे मी तुला आधीच सांगतो. म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा मीच देतोय.

भाचा: तो पुरावा तुझ्या विरुद्ध नाही. ती बारा थ्रेडची सरासरी आहे. खेळाचा मुख्य थ्रेड एकटा छाती फुटेस्तोवर पळत असला तरी एकूणात त्याचा वाटा आठ टक्के. प्रोसेसरच्या टक्केवारीकडे बघूच नको, कार्डाच्या बघ. कार्ड ९७-९८ टक्क्यांवर असेल तर तेच अडतंय. कार्ड रेंगाळत असेल आणि तू फ्रेमवर मर्यादा घातलेली नसेल, तर ते कुणाची तरी वाट बघतंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन खाली आण. फ्रेम वाढल्या तर कार्ड दोषी. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर.

मामा: सायबरपंक घे आधी.

भाचा: डीएलएसएस बंद आहे, रे ट्रेसिंग चालू. कार्ड ९८. रिझोल्यूशन उतरवलं... फ्रेम उसळल्या. इथे तुझा नवा प्रोसेसर शोभेची वस्तू ठरेल. आता बाल्डर्स गेट, तिसऱ्या अंकातलं शहर.

मामा: इथे माझा जीव जातो. बाजारात माणसंच माणसं.

भाचा: कार्ड आरामात आहे. रिझोल्यूशन उतरवलं... आकडा हललाच नाही. प्रोसेसर. आता विमान. डेव्हलपर मोड लाव, हा खेळ स्वतःच सांगतो.

मामा: 'लिमिटेड बाय मेन थ्रेड'. वाचलंस? लाल अक्षरांत निकाल.

भाचा: वाचलं. पण निकाल लागायच्या आधी एक मिनिट थांब. हे काय? तुझी रॅम ३२०० ची, चालतेय २१३३ वर!

मामा: असं कसं? मी मशीन जोडलं तेव्हा...

भाचा: मध्यंतरी बायोस अपडेट झाला असेल, तेव्हा सेटिंग मूळपदावर गेलं. ते सेटिंग, एक्सएमपी, पुन्हा चालू करतो. मघाशी तू दोन गटांमधल्या वळशाबद्दल बोललास ना? त्या रस्त्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. रॅम मंद, म्हणजे वळसाही मंद. हे दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही. आणि विमानाच्या सेटिंगमध्ये जमिनीचा तपशील आणि विमानतळावरची वाहतूक जरा कमी कर. ती दोन्ही प्रोसेसरवर पडतात. ढग तसेच ठेव, ते कार्डाचे.

*(पुन्हा चाचणी. बाल्डर्स गेटचं शहर बऱ्यापैकी सुधारतं. विमान सुधारतं, पण मोठ्या विमानतळावर मुख्य थ्रेडच अडतो.)*

मामा: तर? आजार बरा झाला की नुसता ताप उतरला?

भाचा: ताप उतरला. विमानापुरता तुझा दावा टिकला, हे मी मान्य करतो.

मामा: मग पूर्णच मान्य कर. सरळ ९८००एक्सथ्रीडी घेतो, नोव्हेंबर २०२४ चा. दहा वर्षं बघायला नको.

भाचा: आता तू खरा बिघडलास. तो एएम५ सॉकेटचा. तुझ्या बोर्डावर बसत नाही, म्हणजे बोर्ड नवा. एएम५ ला डीडीआर५ च लागते, म्हणजे रॅम नवी. आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते बघ. कारखान्यांनी एआयच्या सर्व्हरकडे मोर्चा वळवलाय. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. एवढं सगळं घेऊन पुढे कार्ड कुठलं, तर ३०६०. मग तू म्हणणार, आता कार्ड अडतंय.

मामा: म्हणणारच. पण एएम५ वर पुढच्या चिपा येतील, असा एएमडीचा शब्द आहे.

भाचा: शब्दाचं काय होतं ते तुझ्याच बोर्डाने बघितलंय. २०२० मध्ये एएमडी म्हणाली, झेन ३ जुन्या बी४५० वर चालणार नाही. लोकांनी गदारोळ केला, तेव्हा त्याच महिन्यात माघार घेतली. म्हणून आज आपण या बोर्डावर नवी चिप बसवायच्या गप्पा मारतोय. जे बोर्ड आज चालवतं त्याचे पैसे द्यावेत. उद्या चालवेल असं कुणी सांगितलं, तर ते फुकट ऐकून घ्यावं.

मामा: म्हणजे ५७००एक्सथ्रीडीच. मग आजच घेतो. हा माल आटत चाललाय. थोरला भाऊ ५८००एक्सथ्रीडी तर कधीच गेला. गेल्या आठवड्यात मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून आलो, दुकानदार म्हणाला, उद्या असेल की नाही सांगता येत नाही.

भाचा: दुकानदाराचं ते वाक्य मीही रोज म्हणतो. माल संपत आला, हे त्याच्या भाव वाढवण्याचं कारण आहे, तुझ्या घेण्याचं नाही. ही चिप जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा किंमत २४९ डॉलर होती. आज कुणी तिच्यासाठी नव्या बोर्डाएवढे जादा मागत असेल, तर ५६०० घे. कॅश ३२ एमबीच, पण सहाही कोर एकत्र, वळसा संपला. आणि खोक्याशिवाय, नुसती ट्रेमधली चिप स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नकोस. तिच्यावर कंपनीची वॉरंटी नसते, दुकानदार देईल तेवढीच.

मामा: एक विचारू? तू हे सगळं असं मांडतोस, जणू मी बँकेत कर्जाचं प्रकरण घेऊन आलोय. खेळायचं यंत्र आहे रे. लोक पैठणी नेसण्यासाठी घेतात, तिचा धागा मोजून नव्हे. हौसेला मोल नसतं.

भाचा: नसतं. म्हणूनच हौस उघड करावी. तू 'हौस आहे, घेतो' म्हणालास की मी एक शब्द बोलणार नाही, चांगला कूलर सुचवीन. पण गिऱ्हाईक हौसेला गरजेचा अंगरखा चढवून येतं. दुसऱ्याचे तक्ते दाखवतं, 'बॉटलनेक' म्हणतं, आणि मग खर्चाला थांबायची जागाच राहत नाही. गरज एका चिपेवर भागली असती. अंगरखा घातलेली हौस बोर्ड, रॅम, कार्ड असं करत नव्या मॉनिटरपर्यंत जाते. मघाशी पाच मिनिटांत तू ९८०० वर पोचलास की नाही?

मामा: पोचलो. पण तूही गरजेच्या नावाखाली लोकांना अडवतोस, हे बघ. तुझं मोजमाप सांगतं, आज काय अडतंय. मला उद्या काय खेळावंसं वाटेल, ते त्यात नसतं. मी विमानाचे तास वाढवलेत ते मशीनला झेपेल तेवढेच. मोठे विमानतळ मी टाळतो. मग मोजायला बसलं की विमानतळावरची अडचण कमीच दिसणार! यंत्राने माणसाच्या सवयी आखडून टाकल्या, की त्या आखडलेल्या सवयींवरून तुम्ही सांगता, यंत्र पुरेसं आहे.

भाचा: ...हे मी कधी मोजलं नाही. गिऱ्हाइकाला विचारतो, काय खेळता. काय खेळायचं सोडलंत, ते विचारत नाही.

मामा: विचारत जा.

भाचा: विचारीन. तर तुझ्यापुरतं ठरवू. विमान हा तुझा मुख्य खेळ, तिथे प्रोसेसर अडतोय, फुकटचे उपाय करून झालेत. ५७००एक्सथ्रीडी घे, पण रक्कम आत्ता ठरव, दुकानात नाही. त्या रकमेत सीलबंद, पावतीसह मिळाला तर तो; नाही तर ५६००. बोर्ड, रॅम, कार्ड यांना हात लावायचा नाही. सायबरपंकमध्ये काही फरक दिसला नाही तर मला फोन करायचा नाही.

मामा: रक्कम ठरवतो. फोनचं बघू.

भाचा: एक्सथ्रीडीसोबत कूलर येत नाही, आणि ३६०० चा छोटा कूलर त्याला पुरणार नाही, तेवढे पैसे धर. जुना प्रोसेसर आत असतानाच नवा बायोस टाकायचा. काढायच्या आधी अर्धा तास खेळून मशीन तापव. थंड पेस्ट चिकटून बसते आणि कूलर उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, खालच्या पिना वाकतात. आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेव. टीपीएम प्रोसेसरमध्येच असतं, चिप बदलली की विंडोज ती मागू शकतं.

मामा: शनिवारी ये. मजुरी काय घेशील?

भाचा: मजुरी नको, तुझा ३६०० दे. एका कॉलेजच्या पोराचं मशीन जोडायचंय. जुनं कार्ड, ६० हर्ट्झचा मॉनिटर. त्याच्याकडे तो कुणालाही अडवणार नाही.